टोकाच्या गल्लीचं पाणी

नळाला पाणी येतं असं लोक म्हणतात. ते येत नाही, सोडावं लागतं. एकोणतीस वर्षं ते सोडायचं काम मी केलं. नगरपालिकेच्या कागदावर माझं पद 'वॉल्वमन' होतं, गावात मला 'पाणीवाले मुरलीभाऊ' म्हणत. गावाचं नाव लिहीत नाही. धरणगाव आणि चाळीसगाव यांच्या मधलं एक गाव, एवढं पुरे. निवृत्त झाल्यापासून धुळ्याला मुलाकडे असतो. इथला वॉल्वमन गल्लीत आला की मी घरात जाऊन बसतो. त्याला रामराम करतो, पण चहा विचारत नाही. सून म्हणते, "बाबा, तुम्ही स्वतः हेच काम केलं, आणि तुम्हीच असं वागता?" तिला एकदा सगळं सांगितलं. आता इथे लिहितो.

आधी कामाबद्दल. आमच्या गावाला पाणी धरणातून यायचं, गावाबाहेरच्या केंद्रात शुद्ध व्हायचं आणि उंच टाकीत चढायचं. टाकीतून निघालेला मोठा पाइप गावभर फिरतो आणि त्याला जागोजागी फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर जमिनीखाली एक वॉल्व असतो. वर लोखंडी झाकण, खाली चिखल, पावसाळ्यात बेडूक, उन्हाळ्यात विंचू. वॉल्व फिरवायला छातीइतकी उंच चावी असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. नवखा माणूस चावी लावतो आणि भराभर फिरवून मोकळा होतो. मग रिकाम्या पाइपात पाणी असं आपटतं की पुढचा सांधा निखळलाच समजा. मी आधी दोन आटे उघडायचो, थांबायचो, हवा निघू द्यायचो, मग पुढचे आटे. चावीच्या दांड्याला कान लावला की आतलं पाणी ऐकू येतं. पाणी भरलेलं असेल तर घुमतं, हवा असेल तर शीळ वाजते, कुठे गळती असेल तर बारीक खरखर येते. हे मला कुणी शिकवलं नाही. कान लावत गेलो आणि कळत गेलं.

गावाचे पाच भाग होते. टाकी भरली की पहिला नंबर विद्या कॉलनीचा, कारण ती टाकीच्या पायथ्याशी. शेवटचा नंबर खळवाडीचा. पूर्वी तिथे खळी होती, नंतर घरं झाली. प्रत्येक भागाला पंचेचाळीस मिनिटं आणि खळवाडीला एक तास, कारण तिथपर्यंतचा लांब पाइप भरण्यातच पंधरा मिनिटं जातात. कागदावर हे असं होतं. टाकीत पाणी मोजकंच असायचं. एकाला जास्त दिलं की ते शेवटच्याच्या वाट्यातून जातं. हा हिशेब वॉल्वमन सोडून कुणाच्या लक्षात येत नाही.

आता माझा स्वभाव सांगतो. मी सहा भावांतला चौथा. घरात आई हाक मारायची तेव्हा वरून सुरू करून माझ्या नावापर्यंत पोहोचेतो ज्याला बोलवायचं तो येऊन गेलेला असायचा. शाळेत मी हुशार नव्हतो आणि वांडही नव्हतो, त्यामुळे मास्तरांनाही माझं नाव ठाऊक नसे. कुणी आपल्याला चांगलं म्हणावं याची भूक मला लहानपणापासून होती. नोकरी लागेपर्यंत ती भूक आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

विद्या कॉलनीचा वॉल्व भास्करनानांच्या फाटकासमोर होता. नाना निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय सभ्य माणूस. माझी ड्युटी त्या बाजूला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते बाहेर आले आणि म्हणाले, "मुरलीभाऊ, उन्हात कशाला उभे राहता? आत या." त्यांनी मला ओट्यावर खुर्ची दिली. तोवर मला कुणी खुर्ची दिली नव्हती. लोक पायरी दाखवायचे, नाहीतर उभ्याउभ्याच बोलायचे. नानांच्या घरातून कपबशीत चहा आला. नाना म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून आमच्या चुली पेटतात." शेजारच्या दोन-तीन बायका फाटकाशी आल्या, त्यांनीही मान डोलावली.

चहा पिईपर्यंत वॉल्व उघडाच राहायचा. सुरुवातीला पाच मिनिटं जास्त झाली. मग दहा. मग गप्पा वाढल्या. नाना पेपरातली बातमी वाचून दाखवायचे आणि मला विचारायचे, "तुमचं काय मत?" माझं मत कुणी विचारतं म्हटल्यावर उठवत नसे. काही वर्षांत कॉलनीला पंचेचाळीसच्या जागी सत्तर मिनिटं पाणी जाऊ लागलं. नोंदवहीत मी पंचेचाळीसच लिहायचो. नानांनी एकदाही जास्त पाणी मागितलं नव्हतं, आणि मी कुणाकडून एक रुपया घेतला नव्हता. याचाच मला मोठा अभिमान होता. इतर गावचे वॉल्वमन दहा-वीस रुपयांसाठी चावी फिरवतात, आपण तसे नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

खळवाडीचे लोक तक्रार करायचे. मी म्हणायचो, "प्रेशर नाही." आमच्या धंद्यात हा शब्द फार उपयोगी आहे. प्रेशर कुणाला दिसत नाही, त्यामुळे पुढे कुणाला बोलता येत नाही.

एका वर्षी गणपतीत कॉलनीच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीत सन्मानपत्र. त्यावर माझ्या नावाच्या खाली 'जलदूत' असं छापलं होतं. आरतीचा मान मला दिला. मी ताट फिरवत होतो, तोंडाने आरती चालू होती, आणि डोळे मात्र फोटो काढणाऱ्या पोराकडे. तो नीट काढतोय ना, ताट मध्ये येत नाही ना. गणपतीकडे मी पाहिलं की नाही, मला आठवत नाही. सन्मानपत्र समोरच्या खोलीत टांगलं. माझी बायको सुमन चाळीसगावकडची, कमी बोलणारी. तिने चौकट पुसली, खिळा ठोकायला हातोडी आणून दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. श्रावण आला तरी धरण वर सरकेना. पाणी दहा दिवसांआड झालं. आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई असते. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणातल्या एका रविवारी घरात कानबाई माय बसवतात. नारळालाच डोळे, नथ लावून, वस्त्र नेसवून देवी सजवायची, भावकीने जमून रोटांचा नैवेद्य करायचा आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नारळ तोच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. विसर्जनानंतर घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतात. त्याआधी घर धुऊन काढायचं, भांडी, अंथरुणं सगळं स्वच्छ करायचं. त्यामुळे पाणी लागतं.

आमच्या भावकीत सगळ्यात वडील वेणूआक्का, माझ्या चुलत चुलत्यांची विधवा. भावकीची कानबाई आमच्या घरी बसायची, तिला सजवायचा मान आक्काचा. ती एकटी राहायची, खळवाडीत, टोकाच्या गल्लीत. म्हणजे त्या फाट्यावरचा अगदी शेवटचा नळ तिचा. हे मला ठाऊक होतं. नकाशात पाहिल्यासारखं ठाऊक होतं.

त्या वर्षी पाण्याची पाळी नेमकी शनिवारी आली. सकाळी कॉलनीत वॉल्व उघडला. नाना म्हणाले, "मुरलीभाऊ, आमच्याकडे उद्या कानबाई. पुण्याहून मुलं आलीत, नातवंडं आलीत. तुम्हाला काय सांगायचं." त्यांनी याहून जास्त काही म्हटलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी शिरा आणला. शेजारपाजारच्या बायकांनी टाक्या भरल्या, पिंप भरले, अंगणं धुतली. एक आजी म्हणाल्या, "मुरलीभाऊचा हात म्हणजे देवाचा हात." मी शिरा खात होतो. त्या दिवशी कॉलनीला जवळजवळ दोन तास पाणी गेलं. दुपारी खळवाडीचा वॉल्व उघडला तेव्हा टाकी तळाला लागली होती. दांड्याला कान लावला तर आत शीळ वाजत होती. दहा मिनिटांत तीही थांबली. मी वॉल्व बंद केला, वहीत एक तास लिहिला आणि घरी आलो.

रविवारी सकाळी दहा वाजले तरी आक्का आली नाही. सुमन म्हणाली, जाऊन घेऊन या. मी मोपेड काढली.

टोकाच्या लोकांनी नळ खाली घेतलेले असतात. दारासमोर कमरेइतका खड्डा खणायचा आणि नळ त्याच्या तळाशी ठेवायचा, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी उतरतं. आक्काच्या दारात तसाच खड्डा होता. सत्तरी ओलांडलेली बाई त्या खड्ड्यात उतरून बसली होती. नळाखाली तांब्या धरलेला. नळातून थेंब पडत होते, तेही सलग नाही.

"आक्का, चल ना. सुमन वाट दखी राहिनी."

तिने वर पाहिलं. "कशी येऊ, भाऊ? अंघोळ नही मन्ही. बिगर अंघोळनी मायले हात कसा लावू?"

"कालदिन पानी उनं नही का?" मी विचारलं. मलाच माझी लाज वाटायला हवी होती, पण सवय फार वाईट. मीच पुढे म्हणालो, "प्रेशरच व्हतं नही, आक्का."

ती म्हणाली, "प्रेशर काय ऱ्हास ते माले समजस नही. तू सांगस म्हंजे नसंच. आठे लोके काहीबाही बोलतस. मी त्यासले सांगस, तो लबाडी कराव नही. त्याना घरमा कानबाई शे."

एवढं बोलून ती पुन्हा तांब्याकडे पाहू लागली.

मला आयुष्यात कुणी याहून मोठं चांगलं म्हटलेलं नाही. आणि ते ऐकून मला त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहवेना. शिव्या दिल्या असत्या तर मी चार शब्द उलट बोललो असतो, वहीतला एक तास दाखवला असता. ती माझी बाजू घेऊन गल्लीशी भांडत होती. तिच्या तांब्यात दोन बोटं पाणी होतं.

मी घरी गेलो, दोन कॅन भरून आणले, आक्काला दिले. तिने अंघोळ केली, ओलं लुगडं वळचणीला टाकलं आणि माझ्या मागे मोपेडवर बसून आली. वाटेत म्हणाली, "तू चांगला मानूस शे. मी सगळासले सांगस."

तिने कानबाईला सजवलं. नारळाला चांदीचे डोळे लावले, नथ घातली, हिरवं वस्त्र नेसवलं. आरतीला मी पुढे उभा होतो. दरवर्षी असतो. चौरंगावरून ते डोळे समोर पाहत होते. मागच्या गणपतीत मी देवाकडे पाहिलं नव्हतं, या वेळी पाहायचं धाडस झालं नाही. मी खाली, पायाच्या अंगठ्याकडे पाहत आरती म्हटली.

सोमवारी विसर्जन करून परतताना सुमनला सगळं सांगितलं. चहा, खुर्ची, सत्तर मिनिटं, वही, सगळं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती पाटी सांभाळत चालत राहिली आणि म्हणाली, "माले ठाऊक व्हतं."

"मग बोलनी का नही?"

"तुम्हीन फोटो टांगी राहिनथात. तुमनं तोंड इतलं खूश व्हतं. मी काय बोलू?"

घरी आल्यावर मी सन्मानपत्र उतरवलं आणि माळ्यावर टाकलं. फोडलं नाही, फेकलं नाही. तेवढा मोठा मी तेव्हा नव्हतो.

पुढच्या पाळीपासून मी क्रम उलटा केला. टाकी काठोकाठ भरली की आधी खळवाडी, पूर्ण तासभर, आणि सगळ्यात शेवटी कॉलनी, घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटं. टाकीजवळच्या माणसाला उरलंसुरलं पाणीही पुरतं. टोकाच्या माणसाला मात्र भरलेली टाकीच लागते. एवढी साधी गोष्ट मला पहिल्या दिवसापासून कळत होती.

कॉलनीत वॉल्व बंद करताना नाना बाहेर आले. चहाचा कप त्यांच्या हातात होता. मी म्हटलं, "आज नको नाना, उशीर होईल." दुसऱ्या पाळीलाही तसंच झालं. तिसऱ्या पाळीला त्यांनी विचारलं, "मुरलीभाऊ, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही नाना. माझं चुकलं. इतकी वर्षं तुम्हाला जे जास्त पाणी जात होतं, ते खळवाडीचं होतं."

नानांचा चेहरा पडला. "आम्ही कधी मागितलं होतं का?"

"नाही. मीच देत होतो."

"मग आता आम्ही सगळे चोर ठरलो," ते म्हणाले आणि आत गेले. मी हे फार वाईट पद्धतीने सांगितलं असं आजही वाटतं. त्यांचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता. पण ज्याला आपण चांगलं वाटण्यासाठी काही दिलं, त्याच्याकडून ते परत घेताना तो दुखावतोच.

कॉलनीत टाक्या मोठ्या झाल्या होत्या, बागा झाल्या होत्या. पंचेचाळीस मिनिटांत त्यांचं भागेना. त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय काय येतं ते लोक मला आणून दाखवायचे. पैसे खाऊन पाणी वळवतो, असंही आलं. मग नगरपालिकेवर हंडे घेऊन मोर्चा गेला. पुढे नाना होते. मी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा होतो. मला ओट्यावर शिरा आणून देणाऱ्या बाई हंडा वाजवत माझ्यासमोरून गेल्या.

पाणीपुरवठ्याचे साहेब तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी मला बोलावलं. "कुणाला विचारून क्रम बदलला?"

"कुणाला नाही, साहेब."

"मग असं करा. तांत्रिक अडचणीमुळे तात्पुरता बदल केला होता, असं दोन ओळीत लिहून द्या. मी पूर्वीचा क्रम लावतो, मोर्चा शांत होतो, फाइल बंद." त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. सुटायचा रस्ताच ते दाखवत होते.

मी कागद घरी आणला. दोन ओळी लिहिणं काही अवघड नव्हतं. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती आणि मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. शिक्षा झाली तर सोयरे काय म्हणतील, हेच आधी मनात आलं. पाहा, तिथेही लोकच. देव्हाऱ्यापुढे बसलो. कानबाईचा नारळ कापडात गुंडाळलेला होता, डोळे काढून ठेवलेले. म्हटलं, आता ती पाहतही नाही. मग वाटलं, डोळे काय आपण लावतो म्हणून ती पाहते का? मी दोन ओळींऐवजी पान भरून लिहिलं. किती वर्षं, किती मिनिटं, नोंदवहीत काय खोटं लिहिलं, तेही. शेवटी लिहिलं की पूर्वीचा क्रम लावला तर टोकाला पाणी पोहोचणार नाही. सुमनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आते जेवी ल्या."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय लिहिलंय?" मी हो म्हटलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. कॉलनी गेली तरी आता खळवाडी आपल्याला डोक्यावर घेईल, असं मनात कुठेतरी होतं. न्याय देणारा माणूस, वगैरे. एखादी शाल त्यांच्याकडूनही आली असती तर मी नाही म्हटलं नसतं. माझा कागद गावात फुटला आणि तिसऱ्या दिवशी खळवाडीतले पाच-सहा जण घरी आले. मी उठून त्यांना बसायला सांगितलं. कुणी बसलं नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्हनं पानी दीसन शाल लिधी का, भाऊ?"

मी म्हटलं, "हो."

दुसरा म्हणाला, "मन्ही बायको गरोदर व्हती तवय ती विहीरवरथीन पानी वाहे. तू म्हने प्रेशर नही."

एवढं बोलून ते निघून गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं. असा मी दोन्हीकडून गेलो. बाजारात निघालो की एका बाजूचे लोक तोंड फिरवत आणि दुसऱ्या बाजूचे थुंकत.

साहेबांनी मात्र एक केलं. क्रम मी बदलला तसाच ठेवला आणि लेखी आदेश काढला. माझी चावी काढून घेतली आणि मला शुद्धीकरण केंद्रावर पाठवलं. ती शिक्षाच समजली जायची. केंद्र गावाबाहेर तीन किलोमीटर, नदीच्या अंगाला. तिथे मी आणि पंपावरचा एक माणूस, तोही अर्धा दिवस. काम असं की गढूळ पाण्यात तुरटी सोडायची, गाळ बसू द्यायचा, वाळूचे थर धुवायचे, शेवटी क्लोरीन सोडायचं आणि दर तासाला काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकून रंग पाहायचा. फिकट पिवळा आला की बरोबर.

दर तासाची तपासणी चुकली तरी कुणाला कळत नाही. रंग न पाहता वहीत 'योग्य' लिहिणारे होते. पहिल्या महिन्यात एका दुपारी मीही कंटाळून न पाहताच लिहायला घेतलं आणि पेन उचललेलं तसंच राहिलं. आजूबाजूला माणूस नव्हता. बाभळीवर होले घुमत होते. मी उठलो, नळी धुतली, पाणी घेतलं, थेंब टाकले. फिकट पिवळा. मग लिहिलं. काही मोठं घडलं नाही, पण मला एकदम हलकं वाटलं. आपण हे कुणासाठी केलं, याचं उत्तर पहिल्यांदाच सरळ होतं. त्या दोन वर्षांत मी प्रत्येक तासाला नळी धरली. मी नोकरीत इतका सुखी कधी नव्हतो. सकाळी सायकलने जायचो, डबा खायचो, पाणी पाहायचो, यायचो. कुणी चांगलं म्हणत नव्हतं, आणि त्यामुळे काही अडत नव्हतं.

आक्काचं सांगायचं राहिलं. तिला मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं. ते माझ्याने झालं नाही. तिला गल्लीतून कळलं, आणि ज्यांच्याशी ती माझ्यासाठी भांडली होती त्यांच्याच तोंडून कळलं. ही बोच अजून आहे. वर्षभर ती आमच्याकडे आली नाही. पुढचा श्रावण आला. कानबाईच्या रविवारी सुमनने चौरंग मांडला, वस्त्र काढून ठेवलं. सजवायचं कुणी, हा प्रश्न होता. आक्काला आणायला जायची माझी छाती होईना.

नऊच्या सुमारास ती स्वतः पायी आली. अंघोळ केलेली, केस ओले. माझ्याकडे न पाहता आत गेली, नारळ पुसला, डोळे लावले. सगळं झाल्यावर मी तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, "आक्का, तू येशी असं वाटनं नव्हतं."

ती कानबाईच्या वस्त्राची चुणी नीट करत म्हणाली, "मी तुन्हाकरता येस नही, भाऊ. मी मायकरता येस."

तिने हे रागाने म्हटलं नाही. जसं आहे तसं म्हटलं. रोट खाल्ले, सगळ्यांबरोबर बसली, सोमवारी नदीपर्यंत आली. त्यानंतरही दरवर्षी, शेवटपर्यंत आली. माझ्याशी बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं. मला चांगला माणूस मात्र ती पुन्हा म्हणाली नाही, आणि मी वाट पाहिली नाही. तिच्या दारातला खड्डा तिने पुढच्या उन्हाळ्यात बुजवून घेतला. वरच्या नळाला पाणी येऊ लागलं होतं.

दोन वर्षांनी नवे साहेब आले. जमिनीखालच्या जुन्या जोडण्या माझ्याशिवाय कुणाला नीट माहीत नव्हत्या, म्हणून मला पुन्हा चावी मिळाली. कॉलनीतही जायचो. नाना फाटकाशी दिसले तर नमस्कार व्हायचा. एकदा त्यांनी सवयीने म्हटलं, "आत येता का?" मी म्हटलं, "वॉल्व बंद करून येतो." पंचेचाळीस मिनिटं झाली, वॉल्व बंद केला, मग त्यांच्याकडे बसलो. चहा चांगला होता. नाना थोडे थकले होते. पेपर मलाच वाचायला लावला.

नोकरीचा शेवटचा दिवस पाण्याच्या पाळीचाच आला. कार्यालयात दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळी सहाला मी खळवाडीचा वॉल्व उघडला. दोन आटे, थांबलो, हवा जाऊ दिली, मग बाकीचे. दांड्याला कान लावला. पाइप भरून घुमत होता. एरवी मी वॉल्वपाशीच थांबायचो. त्या दिवशी चालत टोकाच्या गल्लीत गेलो. आक्काला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तिच्या घरात दुसरं कुटुंब आलं होतं. नळ उघडाच होता. आधी थोडी खरखर झाली, मग हवा, मग धार आली, चांगली जाड, खालच्या फरशीवर आपटून माझ्या धोतरापर्यंत शिंतोडे उडाले. मी पाहत उभा राहिलो.

घरातून एक तरुण सून हंडा घेऊन बाहेर आली. नव्यानेच लग्न होऊन आलेली असावी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, जरा बाजू व्हा," ती म्हणाली. "हंडा ठेवना शे."

मी बाजूला झालो.